सांडलेले सेकंद

पंप पुन्हा चुकला तेव्हा काका दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं. दारात इमारतीचे चिटणीस, हातात रिकामी बादली.

"तुमचं यंत्र परवा रेंगाळलं, काल इतकं पळालं की गच्चीवरून धबधबा लागला. आज मेलंय."

"मेलं नाही. थांबलंय."

"नळाला फरक कळत नाही, काका."

तळमजल्यावर एकटे राहणारे काका निवृत्त मीटर-मेकॅनिक. ठरल्या वेळी पंप सुरू करणारं यंत्र त्यांनीच एका जुन्या चिपवर बांधलं होतं. त्या चिपच्या आकड्यात जेमतेम सात अंक मावत. सेकंदाचा शंभरावा भाग ती बेरजेत टाकत राही. बेरीज फुगली, की ती इवलीशी भर आधी कमी-जास्त धरली जाई, मग मावेनाशीच होई आणि घड्याळ उभं राही. काकांनी बटण दाबून शून्यावर आणलं, की पुन्हा एखादा दिवस बरा जाई.

"रविवारी विकतचं बसवतो," चिटणीस म्हणाले. "तुम्हालाही आराम."

आराम काकांकडे गरजेपेक्षा जास्त होता. त्यांची बेल वाजे ती पंपापायीच. 'आज पाणी कधी?' म्हणून येणारं माणूस उंबऱ्यात चार शब्द जास्तीचे बोले. यंत्र गेलं की तेही गेले.

"रविवारपर्यंत नीट करतो."

मोठी चिप जुन्या बोर्डावर बसेना. मग काकांनी एका आकड्याचं काम दोघांत वाटलं. मोठी बेरीज एका खान्यात, तिच्यातून सांडलेला चुरा दुसऱ्यात. चुरा पुरेसा साठला की मोठीत ओतायचा. पहिल्या खेपेला त्यांनी तो ओतण्याऐवजी वजा केला. पंप भरदुपारी सुटला आणि गच्चीवर वाळत टाकलेली चिटणीसांची गादी पोहू लागली. दुसऱ्या खेपेला जमलं.

रविवारी पंप सहाच्या ठोक्याला लागला. सोमवारीही. "मानलं बुवा," चिटणीस जिन्यात म्हणाले आणि न थांबता वर गेले.

त्यानंतर बेल वाजेना. विचारायला उरलं काय? काकांनी बेलचे सेल बदलून पाहिले. बेल ठणठणीत होती.

शेवटी ते पेचकस घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे राहणाऱ्या सिस्टर इस्पितळातून निवृत्त झालेल्या. पाण्याची चौकशी सर्वांत जास्त त्यांचीच असे.

"पाणी वेळेवर येतंय ना?"

"अगदी."

"धार बारीक वगैरे?"

"नाही."

"एखादा नळ गळत असेल. आलोच आहे तर बघतो."

"काही गळत नाही हो." सिस्टरांनी पेचकसाकडे पाहिलं. "आणि पाण्याचं म्हणाल, तर माझ्याकडे मोठं पिंप आहे. आठवडाभर पुरतं."

काका चक्रावले. "मग रोज खाली यायचात ते?"

"तेवढंच निमित्त होतं. तुम्ही तेही दुरुस्त करून टाकलंत."

काकांनी पेचकस या हातातून त्या हातात घेतला.

"परत बिघडवू का?"

"नको," सिस्टर म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या.