साळूबाईची गादी आणि दाभण्यांची वामकुक्षी

एका जंगलात, बाळगोपाळांनो, सगळे प्राणी गादीवर झोपत असत. हसताय काय? जंगल सुधारलं होतं. वाघाकडे स्प्रिंगची गादी होती. हत्तीनं सहा गाद्या जोडून एक केली होती. वटवाघळानं तर हौसेनं घेतलेली गादी छताला उलटी ठोकली होती.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. तिच्या कापसाच्या गादीत ढेकूण झाले. एक-दोन नव्हे, अख्खं गाव वसलं. त्यांच्यात दोन गट पडून निवडणूकही झाली म्हणतात.

शेजारची मुंगूसमावशी म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं? गादी अंगणात टाक, ऊन दाखव, काठीनं बडव. मी तेच केलंय."

"आणि साऱ्या जंगलाला कळू दे? रविवारी शेवंतीला बघायला येतायत!"

शेवंती ही साळूबाईची लेक. काटे जरा आखूड म्हणून पाच स्थळं हातची गेली होती. आता सहावं आलं होतं, नदीपलीकडच्या दाभण्यांचं. त्यांची रीत अशी, की मुलीकडे जेवायचं, मग तिथल्याच गादीवर वामकुक्षी करायची आणि उठल्यावर काय ते सांगायचं. न झोपता दिलेला होकार ते कच्चा मानत.

म्हणजे आता सगळी मदार गादीवर!

साळूबाईनं तरसशेठचं दुकान गाठलं. तरसच तो, प्रत्येक वाक्यामागून हसायचा. त्यामुळे खरं कुठलं नि थट्टा कुठली, गिऱ्हाइकाला कळत नसे.

"ही खोळ न्या, ताई. चेन ओढली की आतला ढेकूण आत, बाहेरचा बाहेर. दहा वर्षं हमी! खी खी खी!"

साळूबाईनं घरी येऊन चेन ओढली. ढेकणांना आठ दिवस कडकडीत उपास घडला.

शनिवारी तिनं हमीचा कागद वाचला. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टोकदार ग्राहकांस हमी लागू नाही.'

साळिंदर शांत असलं की काटे अंगाला चिकटून असतात. रागावलं की फुलतात. पण आनंद झाला तरी फुलतातच!

"शेवंते," ती म्हणाली, "उद्या पाहुण्यांना राग येता कामा नये. आणि खबरदार, खूश केलंस तर!"

रविवारी श्री. व सौ. दाभणे आले. दाभणेकाकूंनी येतानाच नाक मुरडलं. "काय हो, त्या मुंगसांच्या अंगणात गाद्या वाळत घातल्यात. ढेकूण असणार. शी! असल्यांशी कोण सोयरीक करील?"

"आमची त्यांच्याशी ओळखसुद्धा नाही हो," साळूबाई घाईनं म्हणाली.

जेवण तिनं बेतानं केलं होतं. वाईट नाही, चांगलंही नाही. पाहुणे नुसते जेवले. काटे जागच्या जागी. साळूबाई मनात सुखावली, पण तेवढ्यात शेवंतीनं आतून पातेलं आणलं. सीताफळाची बासुंदी! पोरीला राहवलं नव्हतं.

काकूंनी तीन वाट्या रिचवल्या, काकांनी पाच. दोघं तृप्त होऊन गादीवर आडवे झाले.

"काय चव होती हो!" काकू म्हणाल्या.

"मला आई आठवली," काका म्हणाले आणि नखशिखांत फुलले.

फट्! फट्! फटाफट्!

खोळीची चाळण झाली. पंगतीला उशीर झालेलं वऱ्हाड धावावं, तसे ढेकूण धावले. दाराआडून बघणाऱ्या साळूबाईनं डोळे गच्च मिटले. गेलं! सहावंही गेलं!

आतून खाजवण्याचा आवाज आला. मग कुजबुज. मग चक्क घोरणं! ते दिवे लागायच्या वेळेपर्यंत चाललं.

दाभणेकाकू बाहेर आल्या, त्या डोळे पुसतच.

"काय सांगू तुम्हाला! लोकांकडे गेलं की मेली झोपच लागत नाही. इतकं गुळगुळीत, इतकं शांत! इथं मात्र अगदी आमच्याच घरी निजल्यासारखं वाटलं."

साळूबाईनं मान वाकवून आत गादीकडे पाहिलं.

"पोरीलाही आमच्याकडे परकं वाटायचं नाही," काकू कानाशी लागल्या आणि कराकरा पाठ खाजवत म्हणाल्या, "दागिने घालाल ते घाला, विहीणबाई. पण रुखवतात ही गादी हवी. आणि हे बघा, झटकून देऊ नका!"

तात्पर्य : ढेकूण मारण्यात आयुष्य वाया घालवू नये. तेवढेच ढेकूण झाकून बसलेलं दुसरं घर शोधावं. त्यालाच तोलामोलाचं स्थळ म्हणतात.