सरांची निरोगी हिरडी

स्लाइड तिसऱ्यांदाही तपकिरीच निघाली, तेव्हा तिने मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं आणि तिथेच टेबलावर टेकवलं. रडायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

पेशींना बेलगाम वाढू न देणारं एक राखणदार प्रथिन असतं. ते बिघडलं की पेशीत साठतं आणि रंग टाकला की गडद तपकिरी दिसतं. तोंडाच्या कर्करोगात रंग जितका गडद, तितकं रोग्याचं पुढचं अवघड, असा तिच्या प्रबंधाचा दावा होता. दावा खरं तर तिच्या मार्गदर्शक सरांचा. तिचे फक्त कष्ट. तुलनेसाठी एक निरोगी तुकडा हवा होता. पण हिरडी मागितली की भलेभले तोंड मिटून घेत. शेवटी अक्कलदाढ काढून घेताना सरांनीच आपली हिरडी पाठवली. "याहून शुद्ध माल मिळायचा नाही," असं वर बजावलंही.

आता तो शुद्ध माल रोग्यांच्या तुकड्यांपेक्षाही गडद दिसत होता.

"पाणी खराब असेल," सर म्हणाले. लॅबच्या दादांनी पाणी बदललं. मग रसायनाची बाटली, मग मायक्रोस्कोपचा दिवा.

"आता मलाच बदला, म्हणजे सुटलो," दादा पुटपुटले.

नवी स्लाइड आणखीच गडद आली.

"मुळात या प्रथिनावर इतका विश्वास टाकायचाच नसतो," सर म्हणाले.

"सर, तुम्हीच म्हणता ना, हा रंग खोटं बोलत नाही?"

"म्हणतो. पण माझ्याबद्दल कशाला बोलेल तो?"

तिची इकडे आड तिकडे विहीर झाली. सर धडधाकट, तर प्रबंध मातीत. प्रबंध खरा, तर सर आजारी. सर तिरसट होते, पण तिचे वडील दवाखान्यात असताना तिची ड्यूटी याच माणसाने गुपचूप केली होती. आपला प्रबंध साफ चुकावा, असं तिला मनापासून वाटलं.

"सर, आ करा."

"मी?"

"तुम्हीच."

दादांनी टॉर्च धरला. काढलेल्या दाढेच्या मागे पांढरट चट्टा होता.

"सिगारेट?"

"कॉलेजात असतानाच सोडली."

"कधी?"

"परवा."

चट्ट्याचा तुकडा सरांनी दुसऱ्या लॅबला पाठवायला लावला, कारण इथलं पाणी खराब होतं. तिकडून रिपोर्ट आला: कर्करोगच, पण अगदी सुरुवातीचा. सरांनी टेबलावर थाप मारली आणि घरी फोन लावला.

"अगं, माझंच खरं निघालं! आयुष्यभर सांगत होतो ते!"

"अहो, पण रिपोर्ट काय आला?" काकूंचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

"तेच तर..."  सरांनी फोन तिच्यापुढे धरला. "तू सांग. मला दुसऱ्यांचंच सांगायची सवय आहे."

तिने सांगितलं. लवकर सापडलंय, ऑपरेशन होईल, सगळं सांगितलं. 

"रंग कसा आला गं?" काकूंनी हळूच विचारलं. "गडद म्हणजे पुढचं अवघड, असं हे रोज जेवताना सांगतात."

समोर ट्रेमध्ये सगळ्या स्लाइड्स ओळीने पडल्या होत्या. सर खिडकीबाहेर बघत होते.

"काकू, त्या रंगाचं काही खरं नसतं," ती म्हणाली.

तिचं एकही वाक्य न सुधारता सोडायचे नाहीत ते सर, या वाक्याला काहीच बोलले नाहीत.