उत्तर सांगायचं नाही

हेडमास्तरांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधून झालं होतं आणि सलूनवाला हातातला कंगवा मेहुण्यावर रोखून उभा होता.

"शंभरदा सांगितलं, आधी कंगवा, मग कात्री. याच्या डोक्यात काही शिरतच नाही, सर. बायकोचा भाऊ आहे म्हणून, नाहीतर केव्हाच घरी पाठवला असता."

मेहुणा तिशीचा, अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. तो मान खाली घालून कात्री पुसत राहिला.

हेडमास्तरांच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी शाळेत निरोप समारंभ, आणि मग ऑफिसच्या भिंतीवर माजी हेडमास्तरांच्या रांगेत कायमचा लागायचा फोटो. त्यासाठी जरा नीटनेटकं व्हावं, एवढ्याच हेतूने ते आले होते. पण समोर कोणी चुकीचं शिकवत असताना गप्प बसणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"तुमचं चुकतंय ते इथेच," ते आरशातून म्हणाले. "तुम्ही सारखं सांगत बसता, म्हणून त्याचं डोकं चालत नाही. सांगू नका, विचारा. त्याचं त्याला सुचू द्या."

"आणि चुकला तर?"

"चुकू द्या. मध्ये अजिबात बोलायचं नाही. उत्तर आयतं हातात दिलं की शिकणं तिथेच थांबतं."

सलूनवाल्याला हे इतकं पटलं की त्याने कंगवा मेहुण्याच्या हातात दिला. "मग आजच सुरू करू. सर स्वतः हजर आहेत."

या वर्गात आपण शिक्षक नसून पाटी आहोत, हे हेडमास्तरांच्या ध्यानात यायला जरा उशीर झाला.

"हे डोकं नीट बघ," सलूनवाला मेहुण्याला म्हणाला. "काय दिसतं तुला?"

मेहुण्याने खुर्चीभोवती एक चक्कर मारली. "टाळूवर विरळ झालेत."

बाकावर नंबर लावून बसलेल्या पोस्टमनने घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"निरीक्षण बरोबर आहे," हेडमास्तरांना म्हणावंच लागलं.

"मग आता काय करावं?" सलूनवाल्याने मेहुण्याला विचारलं.

मेहुणा विचारात पडला. त्याला आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं. "वरचे कमी आहेत ते काही आपल्याला वाढवता येणार नाहीत, भाऊजी. मग बाजूचेच तेवढे कमी करावेत. म्हणजे सगळीकडे सारखे दिसतील."

सलूनवाल्याने डोळे विस्फारून हेडमास्तरांकडे पाहिलं. तसं बघायला गेलं तर त्या विचारात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"अहो, पण..."

"सर, मध्ये बोलायचं नाही ना?"

कात्री सुरू झाली. हेडमास्तरांचा डावा कान बघता बघता एकटा पडला.

"इकडे जरा जास्तच गेले," मेहुणा स्वतःहून म्हणाला.

"बघा, स्वतःची चूक स्वतः पकडली," सलूनवाला हरखून गेला. "मग आता?"

"उजवीकडचेही तेवढेच काढतो."

उजवीकडे हात किंचित जड पडला. त्यामुळे डावी बाजू पुन्हा दाट दिसू लागली, म्हणून तिच्यावरून परत एक हात फिरला. पोस्टमनला आता वर्तमानपत्रात रस उरला नव्हता. "एकदा मागूनही बघा ना," तो म्हणाला. मेहुण्याने मागून पाहिलं आणि तिथेही त्याला बरंच काही सुचलं.

हेडमास्तरांनी मग आपल्याच हत्याराला हात घातला. "बाळ, मला सांग, उरलेले केस राखायचे असतील, तर आपण कुठे थांबायला हवं?"

प्रश्न फार चांगला होता. मेहुणा त्यावर मनापासून विचार करू लागला. पण विचार करताना त्याचा हात थांबत नसे.

शेवटी तो दोन पावलं मागे सरला. "भाऊजी, आता वरचेच जास्त दिसतायत."

"मग यावरून तुला काय वाटतं?"

मेहुण्याने डोळे मिटले. भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. शाळेत एव्हाना खुर्च्या मांडून झाल्या असतील. हेडमास्तरांचा धीर सुटला.

"मशीन फिरवा आणि सगळे काढून टाका," ते ओरडले.

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. "तेच माझ्या मनात येत होतं, सर. तुम्ही सांगायला नको होतं."

हेडमास्तर शाळेच्या हॉलमध्ये शिरले तसा गलका एकदम थांबला. विज्ञानाच्या बाई आधी पुढे आल्या. "सर, हे असं अचानक? घरी सगळं ठीक आहे ना?"

खरं सांगावं तर लाज जाणार, खोटं सांगावं तर ते सुचेना. अशा वेळी वर्षानुवर्षांची सवय धावून आली.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकण्यातच सगळ्यांच्या नोकरीची वर्षं गेली होती. लगेच विचार सुरू झाला.

"उद्यापासून पोहायला जाणार असाल," खेळाचे सर म्हणाले.

"आणखी विचार करा."

"मला वाटतं," भाषेच्या बाईंचा आवाज भरून आला, "सरांनी खुर्चीबरोबर सगळा दिमाखच उतरवून ठेवलाय."

"जवळ आलात," हेडमास्तर हळूच म्हणाले.

अध्यक्षांनी तेच वाक्य भाषणात घेतलं. टाळ्या थांबेनात. दोघांनी डोळे पुसले. फोटोग्राफरने दिवा इकडून तिकडे हलवून पाहिला, पण टाळूची चकाकी काही जाईना. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, राहू द्या, तेज आहे ते.

हेडमास्तरांची पत्नी बहिणीकडून परस्पर हॉलवर आली होती. गर्दी पांगल्यावर ती त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली.

"अहो, हे काय?"

एव्हाना हेडमास्तरांना चांगलाच धीर आला होता. ते ऐटीत म्हणाले, "तुला काय वाटतं?"

तिने विचारबिचार काही केला नाही.

"सलूनवाल्याला शिकवायला गेला असाल."