भोईर सर आणि आयचा राब

भोईर सर राख खात. पोटभर नव्हे, चिमूटभर, जिभेच्या टोकावर. जळालेल्या जंगलात उकिडवं बसायचं, बोट राखेत बुडवायचं, चाखायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "सागाचा पाला. खाली गवत होतं, पण ओलसर." आम्ही विद्यार्थी माना डोलवायचो. एकदा मी गुपचूप चाखूनही बघितली. मला राखेचीच चव लागली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठात वणव्यांचा अभ्यास करणारा आमचा एक लहानसा गट होता. जंगल जळतं तेव्हा झाडांचं काय होतं आणि जनावरांचं काय होतं, हे बघायचं. सर गटाचे प्रमुख. मी जनावरांच्या बाजूला. वाघ वाचवायचा म्हणून गॉगल लावून भरती झाले होते. वाट्याला आल्या सशांच्या लेंड्या. जळालेल्या भागात किती, न जळालेल्या भागात किती. आता नात विचारते, "आजी, तू सायंटिस्ट होतीस?" मी म्हणते, "हो गं, फार मोठी." लेंड्यांचं तिला अजून सांगितलेलं नाही.

झाडांच्या बाजूला अन्सारी. भिवंडीत त्याच्या वडिलांचे लूम होते. त्या खडखडाटात वाढल्यामुळे तो जंगलातही ओरडून बोले आणि माझे ससे पळत. झाडांखाली वर्षभर पडलेला पाला गोळा करायचा, त्याचं वजन करायचं आणि पोत्यांत भरून ठेवायचा, हे त्याचं काम. प्रत्येक पोत्याला पत्र्याची चकती, चकतीवर जागेचा नंबर.

पोती ठेवायची कुठे? तर सरांच्या घरी, पडघ्याजवळच्या त्यांच्या गावी. घराची पडवी हे आमचं केंद्र, माळा हे कोठार आणि सरांची आई हीच आमची खानावळ. तिला सगळे आयच म्हणत.

सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुठे आग लागली की लोक विचारत, लागली कशी? सर म्हणत, "ते पोलीस विचारतील. आपण विचारायचं, थांबली कुठं." अन्सारीचं आणि माझं भांडण झालं तरी तेच. "लागलं कसं ते सोडा. थांबणार कुठं ते सांगा." शर्टाच्या खिशात पेनाऐवजी राखेच्या पुड्या. एकदा देवळात पुजाऱ्यानं अंगारा हातावर दिला, तर सरांनी चाखून सांगितलं, "शेण जास्त झालंय."

आय म्हणे, "राख खातो न् माझ्या हातचा भात टाकतो. शाळंत घातला तवाच चुकला."

पण हे ती आम्हाला सांगायची. सरांशी ती बोलत नव्हती.

त्याचं कारण राब. आमच्या ठाण्याकडे भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात. शेण, झाडांच्या फांद्या, पाला पसरायचा, वर माती घालायची आणि पेटवून द्यायचं. फांद्या अर्थात जंगलातल्या. सरांनी अहवालात लिहिलं की राबासाठी झाडं ओरबाडणं थांबवावं. अहवाल सहसा कुणी वाचत नाही. हा नेमका वाचला गेला. जंगलात गार्ड फिरू लागले आणि गावातला पहिला कोयता जप्त झाला तो आयचा.

तेव्हापासून आय माझ्यामार्फत बोले. "शोभे, त्याला सांग, भात वाढलाय." सर समोरच पाटावर. मी सांगायची, "सर, भात वाढलाय." सर म्हणायचे, "त्यांना सांग, दिसतोय." मला वाटे, आपण किती मोठ्या विश्वासातल्या! खरं तर मायलेकांना मध्ये एक खांब हवा होता. खांब म्हणून मी बरी होते.

सरांचा थोरला भाऊ जनादादा हे सगळं बघत होता. त्याच्या मेहुण्यानं भिवंडीजवळ राहनाळला शेतात गोडाऊन बांधलं होतं. दादाच्याही डोक्यात तेच. एके दिवशी पडवीत बसून त्यानं सांगून टाकलं, "राब न्हाय तर रोप न्हाय. यंदा शेत पडीक ऱ्हायलं की मी भराव टाकणार."

"मी जिती हाय तवर तिथं भातच व्हईल," आय म्हणाली.

"कशावर? पाला आनशील कुठला? तुला पायरी चढवत न्हाय."

ते खरं होतं. गुडघ्यांनी आय जेरीला आली होती. ओट्यावर यायलाही कुणाचा तरी खांदा लागे. तिनं सरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. सर राखेची पुडी बांधत राहिले. मी तरुण आणि तत्त्वांची भुकेली. मनात म्हटलं, वा, काय माणूस आहे! आईपुढेही जंगल मोठं!

मे महिन्यात एका सकाळी एसटीतून उतरलो तर आयच्या शेतातून धूर येत होता. अन्सारी पुढे धावला. राखेतून त्यानं काठीनं एक चकती उकरली, मग दुसरी.

"अरे, ये तो मेरा प्लॉट नंबर दो है! शोभा, तीन भी है!"

आय बांधावर ऐटीत बसली होती. "बाबा, असा निवडलेला सुका पाला आख्ख्या जल्मात न्हाय भाजला. कचरा म्हनून टाकलेला हुता. सोन्यासारका!"

सर आले. सवयीनं बसले, बोट बुडवलं, चाखलं. "बांधाकडं थोडं कच्चं राहिलंय," म्हणाले. मग अन्सारीच्या खांद्यावर हात ठेवला. "तिला कचरा वाटला. होतं असं."

अन्सारी चकत्या गोळा करायला लागला. मी सरांकडे बघत होते. त्यांच्या केसांत माळ्यावरची कोळिष्टकं होती.

त्यांना बाजूला घेऊन मी विचारलं, "सर, आय शिडी चढल्या कशा?"

सर ओशाळले. "वजनं झालीत, शोभा. पृथक्करणापुरता मूठमूठ पाला काढून ठेवलाय. अन्सारीचं काही अडत नाही. संध्याकाळी त्याला सांगतो."

"आणि चकत्या?"

"त्या काढायच्या राहिल्या. घाईत होतो."

"पण आयना सांगून का नाही दिलात?"

"माझ्या हातून तिनं घेतला नसता. पोती बांधावर ठेवली आणि गोठ्यात येऊन म्हशीला मोठ्यानं सांगितलं, बांधावर कचरा आहे, टाकायचाय. आय गोठ्यातच होती."

जनादादा दुपारी येऊन राखेकडे बघून गेला. भरावाचं काही बोलला नाही.

पुढे धूळवाफेवर पेरणी झाली, म्हणजे कोरड्या, भाजलेल्या मातीतच बी फेकायचं. बियाणाची टोपली मांडीवर घेऊन आय बांधावर बसली होती. सर लांब, चपला हातात घेऊन उभे. मी मध्ये, खांबाच्या जागेवर.

"शोभे, त्याला सांग..." आय म्हणाली आणि थांबली. टोपली तिनं माझ्याकडे दिली.

"हिराजी, हात दे. बांध उंच हाय."

सरांनी चपला टाकल्या आणि हात दिला. आय उतरली. खाली सगळं सपाट होतं, तरी तिनं तो हात सोडला नाही. एका हातानं माझ्याकडच्या टोपलीतलं बी फेकत ती त्यांना धरूनच वाफाभर फिरली. विद्यापीठात त्या दिवशी बैठक होती. ती सरांशिवायच झाली.