पाचच्या आकड्याची बाबागाडी

मेक्सिको शहरातल्या इस्तापालापा भागात सित्लाली नावाची सहा महिन्यांची मुलगी खोकत होती. खोकला केवढा, तर चिमणीनं पंख झटकावेत एवढा. पण तिचे वडील एलेउतेरिओ बालसंरक्षण साधन विभागात आरेखक असल्यामुळे तो खोकला फायलीत दाखल झाला.

हवा साफ करणं या विभागाच्या अखत्यारीत येत नव्हतं. हवेचा विभाग वेगळा, त्याचं कार्यालय वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. तेव्हा बाळालाच हवेपासून वेगळं करावं, असं सर्वानुमते ठरलं.

एलेउतेरिओनं जीव ओतून बाबागाडी आखली. वर काचेचा घुमट, आत गाळून येणारी हवा, अंगाईच्या लयीत फिरणारा पंखा. काचेनं वजन वाढलं, गाळण्यांनी आणखी वाढलं. तयार गाडी सत्तर किलोंची भरली आणि ती ढकलायला दोन आया लागू लागल्या. नियमात बाळामागे आई एकच धरलेली. म्हणून इंजिन बसवलं. विजेच्या इंजिनाला मंजुरी मिळायला तीन वर्षं लागणार होती. पेट्रोलच्या इंजिनाला त्याच दुपारी मिळाली. धुराची नळी मागे काढली, कारण बाळ पुढे बघतं. मागून येणाऱ्या बाळांचं काय, असं बैठकीत कुणीतरी विचारलं. त्यांनीही हीच गाडी घ्यावी, अशी नोंद झाली.

इंजिन आलं म्हणून वाहतूक खात्यानं नंबरपाटी दिली. सित्लालीच्या पाटीवर शेवटचा आकडा पाच आला. शहराचा नियम शेंबड्या पोरालाही पाठ: पाच नि सहाच्या गाड्या सोमवारी रस्त्यावर आणायच्या नाहीत. हवेला तेवढाच विसावा.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी धुरात आधी डोंगर दिसेनासे झाले, मग समोरचं चर्च. सित्लालीची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. डॉक्टरांनी दहा वाजता बोलावलं होतं. तिची आई नायेली हिनं तिला घुमटाखाली निजवलं, इंजिन चालू केलं, आणि पहिल्याच चौकात पोलिसानं हात आडवा केला.

"आज ही चालत नाही, ताई. धूर फार आहे."

"अहो दादा, धुरासाठीच तर ही गाडी केलीय."

"मग धूर नसेल त्या दिवशी आणा की. कोण अडवतंय?"

ही गाडी माझ्या नवऱ्यानंच बनवलीय, असं नायेलीनं सांगून पाहिलं. पोलीस कनवाळू होता. त्यानं समजावलं की सगळं शहर करतं तेच करावं, सातच्या आकड्याची दुसरी घेऊन ठेवावी. त्याच्या स्वतःच्या घरीही दोन मोटारी होत्या.

"नि आज हिचं काय?"

पोलिसानं काचेतून आत पाहिलं. "पोरीला काढा बाहेर. तिला कुठं नंबर आहे? तिला सातही दिवस श्वास घ्यायची मुभा आहे."

गाडी जप्त झाली. नायेलीनं लेकीला शालीत गुंडाळलं, तिच्या नाकातोंडावर आपल्या तळव्याचं छप्पर धरलं आणि दवाखान्याकडे चालू लागली. रस्ता सोमवारी चालणाऱ्या गाड्यांनी तुडुंब भरला होता. तो ओलांडताना मध्यावर ती क्षणभर थांबली, लेकीचा श्वास ऐकायला.

लगेच हॉर्न वाजला. काचा चढवलेल्या, आत गारवा, गाडी खास सोमवारसाठी घेतलेली. घाई तशी रास्तच होती. आत तुम्ही होतात, मागच्या सीटवर तुमचं बाळ होतं, आणि तेही खोकत होतं.