पूजेतला पोहायचा चष्मा

खंडेनवमीच्या सकाळी भार्गव आंघोळ करून बाहेर आला, तर त्याची सायकल झेंडूची माळ घालून देवघरासमोर उभी होती. शेजारी पाटावर पाना, पेचकस, आईची शिवणाची कात्री, बाबांचा लॅपटॉप आणि या मंडळींच्या मधोमध त्याचा पोहायचा चष्मा. दोन्ही काचांवर कुंकवाचे हे एवढाले टिळे.

नवमीला कामाची हत्यारं नि पुस्तकं पुजायची आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या या घराची जुनी रीत. विळी तेवढी दरवर्षी सुटायची, कारण आईला भाजी चिरायची असे. आजोबांचा पेपरही सुटायचा, कारण पेपर म्हणजे काही पुस्तक नव्हे, असा निर्णय खुद्द आजोबांनीच दिला होता.

"आई, माझा चष्मा काहून ठेवला इथं?"

"तुझं हत्यार नाही काय ते?" चित्राबाई कौतुकाने म्हणाल्या. "कोरडं कुंकू त्या प्लास्टिकवर टिकूनच नव्हतं राहिलं. मंग तेलात कालवून लावलं. आतून-बाहेरून. मस्त बसलं, पाह्य."

"मले आज पोहायचं आहे न."

"उद्या पोह. आज हत्यार उचललं तर वर्षभर काम बिघडते."

आता हिला कसं सांगायचं? स्पर्धा परवावर आली होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. सायकल आणि धावणं भार्गवच्या डाव्या हातचा मळ, पण पाण्यात गाडी अडायची. पोहता त्याला येत होतं. फक्त तलावाच्या खोल टोकाशी फरशी खाली-खाली जाताना दिसली की छातीत धस्स व्हायचं आणि हात आपोआप काठाचा दांडा धरायचा. पोहणं शिकवणाऱ्या नरहरी सरांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, की आज न थांबता पंधरा फेऱ्या झाल्या तर नाव राहील, नाहीतर कापलं जाईल. अख्ख्या कॉलेजातून तो एकटा जाणार होता आणि ही गोष्ट त्यानेच सगळ्या कॉलेजला सांगून ठेवली होती.

दुपारी घर पेंगलं. भार्गवने पाटावरचा चष्मा हळूच उचलला. जागा रिकामी दिसायला नको म्हणून झोपलेल्या आजोबांच्या उशाचा चष्मा तिथे ठेवला, वर दोन झेंडू टाकले आणि चोरासारखा सटकला. आजोबा उठायच्या आत परत येऊ, असा त्याचा हिशोब.

तलावावर त्याने काचा अंगठ्याने पुसल्या. तेलाचं कुंकू ते, पुसल्याने आणखीच पसरलं. पण सर शिट्टी घेऊन उभेच होते. त्याने देवाचं नाव घेऊन उडी मारली.

पाण्याखाली सगळं शेंदरी धुकं. फरशी दिसेना, खोली दिसेना, टोक आलं हेसुद्धा हात भिंतीला लागला तेव्हाच कळे. भार्गव आपला पोहत राहिला. थोड्या वेळाने काठावरच्या पहारेकऱ्याला त्याच्यामागे एक लालसर रेघ दिसली.

"सर, इस लड़के का खून निकल रहा है."

नरहरी सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी शिट्ट्यांवर शिट्ट्या फुंकल्या, सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. शिट्ट्या भार्गवलाही ऐकू आल्या. सर आपल्याला जोश देत आहेत, असं वाटून त्याचा ऊर भरून आला. पहारेकऱ्याने धरायला म्हणून लांब बांबू पुढे केला. तो बरगडीला टोचल्यावर आपण हळू पडलो असं समजून भार्गवने वेग वाढवला. काठावरून सर एकीकडे धावत होते, पहारेकरी दुसरीकडे, आणि रिकाम्या तलावात हा एकटा.

शेवटी भिंतीला हात लावून तो थांबला, तेव्हा चौघांनी त्याला उचलूनच बाहेर घेतला. सरांनी नाक पाहिलं, कान पाहिले, मग आपल्या बोटाचा वास घेतला.

"अबे, हे तर कुंकू आहे."

"सर, आज खंडेनवमी आहे न."

सर तिथेच ओल्या फरशीवर बसले. मग त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "फेऱ्या किती झाल्या?"

"पूरे पंद्रह, सर," पहारेकरी म्हणाला. "मैं डर के मारे गिनता ही रहा."

"नाव राहिलं तुझं," सर म्हणाले. "जा आता घरी. मले जरा बसू दे."

भार्गव तरंगतच घरी आला, तर घरात धुमाकूळ. आजोबांच्या चष्म्यापायी गाद्या उलटल्या होत्या, पलंग सरकले होते, आणि सदर बाजारच्या चष्मेवाल्याला नवा करायचा फोनही गेला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. भार्गवने देवघरात शिरून आपला चष्मा झेंडूखाली सरकवला, पण आजोबांचा उचलणार तोच आई आरतीचं ताट घेऊन आली. तिने फुलं सारखी केली आणि तिचा हात थांबला.

"मामंजी, तुमचा चष्मा इथं?"

आजोबांनी डोळे बारीक करून नातवाकडे पाहिलं. नातवाच्या दोन्ही डोळ्यांभोवती लाल कडी उमटली होती. इतकं त्यांना चष्म्याशिवायही दिसत होतं.

"मीच ठेवला," ते शांतपणे म्हणाले. "पेपर वाचणं हेच माझं काम. विसरलो होतो."

"आणि याचे डोळे काहून लाल?"

"डोकं टेकलं असन पाटावर. भक्ती वाढून राहिली पोट्ट्याची."

भार्गवचा जीव भांड्यात पडला. आरतीच्या टाळ्यांत आजोबा त्याच्या कानाशी वाकले. "जमलं?"

"पूर्ण."

"मंग चष्मा सुटेपर्यंत पेपर तू वाचून दाखवायचा. जाहिरातींसकट."

भार्गवने तो जाहिरातींसकट वाचला, निविदा सूचनासुद्धा, आणि मधेमधे तलावावरची सगळी हकीकतही आजोबांना सांगितली. कुरकुर केली नाही.

स्पर्धेच्या सकाळी त्याने खास त्या दिवसासाठी घेतलेला नवा कोरा लख्ख चष्मा डोळ्यांना लावून पाहिला आणि त्याला तो खोल तळ जागेपणी दिसला. तो तडक स्वयंपाकघरात गेला.

"आई, याच्यावर थोडं कुंकू लाव न. तेलात कालवून."

चित्राबाईंचे डोळे भरून आले. पोरगा मार्गाला लागला म्हणत त्या कुंकवाचा करंडा आणायला धावल्या.

"लाव बापा, लाव," पेपरामागून आजोबा म्हणाले. "फक्त त्या शिट्टीवाल्या सरले आधी फोन करून सांग."