चुरी मॅडमची तीन मिनिटं

चुरी मॅडम "येते मी" म्हणून निघाल्या की लगेच आळस देऊ नये, हे आमच्या तलासरीच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं लागे. कारण बरोबर तीन मिनिटांनी दार पुन्हा उघडायचं आणि मॅडम चौकटीत उभ्या असायच्या. खांद्यावर पर्स, डाव्या मनगटावरचं घड्याळ उजव्या हाताने धरलेलं आणि नजर तुमच्या चेहऱ्यावर. काही विसरलं म्हणून त्या येत नसत. आपण गेल्यावर समोरच्याचं काय होतं आणि परत आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, एवढंच त्यांना बघायचं असे. बघून झालं की "हं" म्हणायच्या आणि मग खरोखर जायच्या.

मॅडम अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका. वीसेक अंगणवाड्या त्यांच्याकडे होत्या. मी त्याच ऑफिसात लिपिक, त्यांचे अहवाल टाइप करणारा. दोघंही डहाणूचे, त्यामुळे जाता-येता एकच एस.टी. २०१५च्या सुमारास त्यांना आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता मुलांचा सामाजिक आणि भावनिक विकास. आमच्याकडची माणसं प्रशिक्षणाहून एक फाइल, एक पेन आणि अपचन घेऊन परत येत. मॅडम सिद्धांत घेऊन आल्या.

सिद्धांत असा, की एका खोलीत आई आणि मूल बसवायचं. चार खेळणी ठेवायची. एक परकी व्यक्ती आणून बसवायची. मग आईने उठून बाहेर जायचं आणि तीन मिनिटांनी परत यायचं. मूल रडलं आणि आई आल्यावर निवलं, तर नातं पक्कं. रडलंच नाही आणि आई आल्यावर तिच्याकडे बघितलंही नाही, तर काळजी. आई आल्यावरही रडणं थांबेना, तर वेगळी काळजी. पुस्तकात या तिन्हींना लांबलचक नावं होती. मॅडमनी ती घट्ट, कोरडं आणि चिकट अशी करून टाकली.

"पाया पहिल्या दोन-तीन वर्षांत पडतो, राऊत," त्या म्हणत. "बाकी सगळं प्लास्टर."

इथवर ठीक होतं. पण मॅडमनी हा प्रयोग प्लास्टर झालेल्या माणसांवरही सुरू केला. आमचे साहेब पहिल्याच फटक्यात कोरडे निघाले. शिपाई चिकट निघाला, "कच्च्या चिकूसारखा," असं मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या नरपडच्या, चिकूच्या वाडीत वाढलेल्या, त्यामुळे चिकाबद्दल त्यांचा शब्द अखेरचा. वाणगावच्या बाजारात एका भाजीवालीकडे त्यांनी वांगी निवडून ठेवली आणि "आलेच" म्हणून तीन मिनिटं गायब झाल्या. परत आल्या तर वांगी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत. ती बाई कायमची कोरडी. उलट डहाणूचा फरसाणवाला त्या परत दिसल्या की दर वेळी हातातलं काम टाकून विचारायचा, "शुं बेन, कंई भूली गया?" तो घट्ट. मॅडम फरसाण खात नसत, पण घेत त्याच्याकडेच.

माझ्या घरी त्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. गेल्या आणि तीन मिनिटांनी परत आल्या, तेव्हा आमची ही दाराकडे पाठ करून "गेली एकदाची" म्हणत होती. मॅडम अजिबात रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एस.टी.त त्यांनी तिच्यासाठी 'प्रामाणिक' असा चौथा प्रकार काढला.

माझा निकाल मात्र तीन वर्षं बदलला नाही.

"तुम्ही कोरडे, राऊत. मी परत येते तेव्हा तुम्ही मानसुद्धा वर करत नाही."

"मॅडम, मी तुमचाच अहवाल टाइप करत असतो."

"कोरडी माणसं असंच काहीतरी सांगतात."

या सगळ्याची आम्ही ऑफिसात मजा घ्यायचो. ती झरीच्या एका पाड्यावर संपली. तिथल्या अंगणवाडीची सेविका लखमी नऊ वर्षं काम करत होती. हजेरीवरून एक नोटीस तिला आधी मिळालेली होती. आणखी एक वाईट शेरा गेला तर तिचं काम जाणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. मॅडमनी तिथे अठरा मुलांवर प्रयोग केला. एकेक आई बाहेर गेली आणि अठरापैकी एकही मूल रडलं नाही. आई उठली की पोर सरकत शेजारच्या बाईच्या मांडीवर जाऊन बसायचं. आई परत आली तरी तिथेच.

"अठराच्या अठरा कोरडी!" मॅडम हादरून गेल्या होत्या. "लखमी, अंगणवाडीत तू करतेस काय?"

लखमीला आधी हसू आलं. "मॅडम, पोर रडंल कशाला? आय गेली तं काकी आहे. काकी गेली तं आजी आहे. आजी निजली तं मी आहे."

"हे शास्त्रात बसत नाही."

"मंग पोरांना कुठं बसवू?" लखमी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मॅडमनी अहवाल माझ्याकडे दिला. 'भावनिक पाया असमाधानकारक.' मी तो टाइप केला नाही. प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगितलं. प्रिंटर खरोखरच बिघडलेला असे, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. पण मॅडमना स्वतःलाच चैन पडत नव्हतं. त्या दर मंगळवारी झरीला जात राहिल्या. कोपऱ्यात सतरंजीवर वही घेऊन बसायच्या, नुसत्या बघायच्या, आणि आल्यावर मला सांगायच्या, "आजही नाही रडलं कोणी." मुलं सुखात आहेत याचा एवढा त्रास झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाचव्या मंगळवारी त्या म्हणाल्या, "प्रयोगात चूक आहे. फक्त आई बाहेर जाऊन भागायचं नाही. सगळ्या बायकांना बाहेर काढायचं. आणि परकी व्यक्ती नीट परकी पाहिजे. तुम्ही चला."

अशा रीतीने मी झरीला पोचलो. आया, काक्या, आज्या आणि लखमी, सगळा पाडा बाहेर चिंचेखाली उभा राहिला. आत अठरा मुलं, चार खेळणी, कोपऱ्यात मॅडम आणि मधोमध परकी व्यक्ती म्हणून मी, हातात प्लास्टिकचं बदक घेऊन. मुलांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग एकाने माझा चष्मा काढला, दुसरा खांद्यावर चढला, तिसऱ्याने बदक हिसकावून घेतलं. रडण्याच्या बेतात तिथे फक्त मी होतो. बाहेर लखमी दाराच्या फटीतून बघत होती. या अर्ध्या तासावर तिचं काम अवलंबून होतं.

"बाहेर बायका काय करताहेत बघून येते," म्हणत मॅडम उठल्या आणि गेल्या.

त्यांच्या पाठीमागे सोनी नावाची अडीच वर्षांची मुलगी बसलेली होती. मला ती तेव्हा दिसली. मंगळवारी मॅडम आल्या की ती त्यांच्या पाठीला टेकून बसायची, असं लखमीने नंतर सांगितलं. पाठीमागे असल्यामुळे मॅडमच्या मंगळवारच्या वहीत ती कधी आलीच नव्हती. टेकायची पाठ गेली तशी सोनीने इकडेतिकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिची आई धावत आत आली, तिने उचललं, तरी थांबेना. ती दाराकडे हात करून रडत होती.

उघड्या दारातून मॅडम ओट्यावर उभ्या दिसत होत्या. कोण रडतंय, कशासाठी रडतंय, हे त्यांना कळलं होतं. नियमाप्रमाणे तीन मिनिटं बाहेर थांबायचं. त्यांनी घड्याळ धरलं. मग एकदम आत आल्या, सोनीला आईकडून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि सतरंजीवर बसल्या. सोनी दोन हुंदके देऊन निवली.



"राऊत, किती झाली?"

"पाऊण मिनिट."

"तीन लिहा," मॅडम म्हणाल्या. "आणि सगळ्यांच्या पुढे घट्ट लिहा. लखमीचं काम उत्तम आहे, असंही लिहा."

परतताना एस.टी.त त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तलासरी सुटल्यावर म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. रडले नाही मी. सगळे म्हणाले, नलू किती शहाणी." तीन वर्षं जे दार उघडलं की मी मान खाली घालून गालातल्या गालात हसत होतो, ते दार आठवून मला लाज वाटली.

२०१८ साली मॅडम निवृत्त झाल्या. घरी एकट्याच होत्या, कोणाकडे जायचंही नव्हतं. निरोप समारंभ झाला, साहेब बोलले, शिपाई अपेक्षेप्रमाणे रडला. हार टेबलावर ठेवून मॅडम "येते मी" म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. साहेब वेफर्सकडे वळले. मी दाराकडे बघत बसलो. आज त्या परत आल्या नाहीत तर, असं मनात आलं आणि मला काही बसवेना. उठून बाहेर गेलो.

मॅडम व्हरांड्यात दाराकडे पाठ करून उभ्या होत्या, घड्याळ हाताने झाकून. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"किती झाली, राऊत?"

पाऊण मिनिटही झालं नव्हतं.

"तीन," मी म्हणालो.